कुलाब्याचें खेडवळ चर्च

टॉमस ग्रे याची 1751 सालीं प्रसिद्ध झालेली विलापिका मी नंदुरबार जिल्ह्यांतील एका महाविद्यालयांत गेलीं पंचवीस-सव्वीस वर्षें शिकवीत आलों आहें. ही कविता शिकवावयास सोपी, असा एक प्रवाद आहे. संध्याकाळ झाली आहे, गुरें घरीं परतत आहेत, कवि एका खेड्यांतील चर्चच्या आवारांत एकटाच आहे, आणि तेथें मातीआड निजलेल्या अनामिक शेतकऱ्यांविषयीं विचार करीत आहे. यांत न कळण्यासारखें तें काय? मी फळ्यावर खडूनें एक मनोरा काढीत असें, त्याच्या शेजारीं यू नांवाचें झाड काढीत असें, आणि पुढच्या कडव्याकडे वळत असें. दोन वर्षांमागें अक्राणीकडील एका विद्यार्थ्यानें तास संपल्यावर मला विचारलें, "सर, त्या लोकांनीं आपलीं मेलेलीं माणसें देवळाच्या अंगणांत कां पुरलीं?"

प्रश्न साधा होता. पण इतक्या वर्षांत तो मला स्वतःला कधीं पडला नव्हता, याची मला लाज वाटली. आमच्याकडे सुतक फिटल्याशिवाय माणूस देवळाची पायरी चढत नाहीं. स्मशान गांवाबाहेर, नदीच्या कांठीं, देऊळ गांवांत. या दोहोंमध्यें जितकें अंतर ठेवतां येईल तितकें आम्हीं ठेविलें आहे. ज्या संस्कृतींत ही दोन्हीं स्थळें एकाच कुंपणाच्या आंत नांदतात, त्या संस्कृतींतील काव्य आम्हीं वाचावें, पाठ करावें, त्यावर परीक्षा द्याव्या, आणि त्या कुंपणाचा अर्थ मात्र विचारूं नये, असा हा आमच्या इंग्रजी विद्येचा प्रकार आहे. मीं त्या मुलास टिपणांतलें कांहींतरी उत्तर दिलें. तें त्याला पटलें नाहीं, आणि मलाहि पटलें नाहीं.

इंग्लंडांत 'पॅरिश' म्हणजे एका धर्मोपाध्यायाच्या वृत्तींतला गांव. त्या गांवच्या उत्पन्नाचा दहावा भाग चर्चकडे जावयाचा. आमच्या बलुत्याशी हें तंतोतंत जुळत नाहीं, तरी खळ्यावरच्या धान्यांतून उपाध्यायाचा वाटा निघतो, ही कल्पना आमच्या वाचकांस परकी वाटूं नये. 1836 च्या कायद्यानें या वाट्याचें रूपांतर रोख रकमेंत झालें. गांवांत जन्मलेला प्रत्येकजण चर्चच्या पश्चिम बाजूस ठेवलेल्या दगडी पात्रांतील पाण्यानें नांव मिळवी, तेथेंच त्याचें लग्न लागे, आणि शेवटीं त्याच इमारतीच्या बाहेरच्या मातींत त्याला जागा मिळे. 1538 पासून या तिन्ही गोष्टींची नोंद चर्चमधील वहींत करण्याचा हुकूम टॉमस क्रॉमवेल यानें काढला. जिवंत मंडळी भिंतीच्या आंत आणि मेलेलीं भिंतीच्या बाहेर, पण गांव एकच, असा हा संसार आहे. दर रविवारीं माणूस आपल्या आजोबांच्या थडग्यावरून चालत प्रार्थनेस जातो. आमच्या पितरांस आम्ही वर्षांतून एकदां घरीं बोलावतों; त्यांनीं आपले पितर देवाच्या दारांतच ठेवून घेतले.

इमारतीची रचनाहि आमच्या वाचकांस वाटते तितकी अनोळखी नाहीं. लोकांनीं बसावयाचा लांबट मंडप, त्याच्या पूर्वेस उपाध्यायांचा व गायकांचा अरुंद भाग, त्या भागाच्या टोकास वेदी. मंडप आणि हा आंतला भाग यांमध्यें पूर्वीं नक्षीदार लांकडी जाळी असे. सभामंडप, अंतराळ आणि गाभारा ही आमची मांडणी डोळ्यांसमोर आणली कीं हें लगेच उमजतें. फरक एवढाच, कीं आमचा देव बहुधा पूर्वेकडे पाहतो आणि भक्त त्याच्याकडे, म्हणजे पश्चिमेकडे, तोंड करून उभा राहतो. तेथें देवाची मूर्ति नसल्यामुळें सगळा गांवच पूर्वेकडे तोंड करून बसतो.

या चर्चांचें खरें सौंदर्य मात्र मांडणींत नाहीं, तें कालमानांत आहे. बाराव्या शतकांतील गोल कमानीचें दार, तेराव्यांतील भाल्याच्या पात्यासारख्या अरुंद खिडक्या, चौदाव्यांतील जाळीदार नक्षी, पंधराव्यांतील चौकोनी भक्कम मनोरा, असे एकावर एक थर एकाच लहानशा इमारतींत सांपडतात. टॉमस रिकमन या गृहस्थानें 1817 सालीं या शैलींना जीं नांवें दिलीं तींच आजहि चालतात. एकाच आराखड्याबरहुकूम उभें राहिलेलें चर्च खेड्यांत विरळा. ज्या पिढीजवळ पैसा आला तिनें एक बाजू वाढविली. ज्या पिढीचें मत फिरलें तिनें मागच्या पिढीचें चित्र पुसलें. सोळाव्या शतकांतील धर्मक्रांतींत भिंतींवरच्या संतांच्या चित्रांवर चुन्याचे हात फिरले, आणि पुढें तीन शतकांनीं तो चुना खरवडल्यावर तींच चित्रें खालीं सुखरूप आढळलीं. चुना लावणाऱ्यानें नकळत जतन केलें, हा इतिहासाचा विनोद मोठा गोड आहे.

हें सर्व पुस्तकांतून कळलें. पण पुस्तकांतून कळलेल्या इमारतीवर बोलण्याचा धीर मला होत नाहीं. आमच्या जिल्ह्यांत आंग्लिकन पंथाचें जुनें चर्च नाहीं. नवापूर तालुक्यांत चर्चें पुष्कळ आहेत, पण या बाजूस काम केलें तें मुख्यतः स्कँडिनेव्हियन मिशनऱ्यांनीं; चिंचपाड्याचें रुग्णालय ही त्याच कामाची खूण. म्हणून गेल्या वर्षीं मुंबईस गेलों असतां कुलाब्याच्या दक्षिण टोकाकडील सेंट जॉन चर्च, ज्यास सारी मुंबई 'अफगाण चर्च' म्हणते, तें पाहून आलों. शहरांत खेड्यांतलें चर्च शोधावयास गेलेला हा प्राध्यापक विक्षिप्त असला पाहिजे, असें वाचकांस वाटेल. पण या इमारतीचा जन्मच त्या हट्टांतून झाला आहे.

त्यापूर्वीं कंपनी सरकारच्या लोकांनीं या देशांत जीं चर्चें बांधलीं तीं बहुतेक ग्रीक-रोमन वळणाचीं. मुंबईंतलें सेंट टॉमस 1718 च्या नाताळांत उघडलें. पुण्याच्या लष्करांतील सेंट मेरी चर्चचा विधि 1825 सालीं बिशप हेबर यांच्या हस्तें झाला. पुढें खांबांची पडवी, वर निमुळता मनोरा, हा लंडनच्या जेम्स गिब्ज याचा नमुना त्याच्या छापील पुस्तकामुळें साऱ्या वसाहतींत पसरला. नकाशा पुस्तकांत तयार, बांधणारा लष्करी अभियंता, काम झटपट. 1839 सालीं केंब्रिज येथें कांहीं तरुणांनीं एक मंडळ स्थापिलें आणि असा पुकारा केला, कीं हें सगळें मूर्तिपूजक यवनांचें अनुकरण असून ख्रिस्ती उपासनेस शोभणारें खरें रूप म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकांतील इंग्रजी खेड्यांचें चर्च होय. या मंडळाचा वचक फार मोठा होता. त्यांच्या मासिकांत नव्या इमारतींचीं परीक्षणें येत, आणि आजचा परीक्षक कादंबरीस झोडपील तशीं तीं मंडळी वास्तुशिल्प्यांस झोडपीत. ऑक्सफर्ड येथेंहि असेंच एक मंडळ होतें. कुलाब्याच्या चर्चसाठीं नकाशाची मागणी त्या मंडळाकडेच गेली. तिकडून आलेली योजना फार खर्चाची ठरली. अखेर काम हातीं आलें तें हेन्री कॉनिबेअर याच्या. हाच गृहस्थ पुढें विहार तलावाचें पाणी मुंबईस आणणारा अभियंता. ज्या मनुष्याची खरी कीर्ति नळाच्या पाण्यावर उभी आहे, त्यानें मुंबईंतील सर्वांत प्रमाणबद्ध चर्च बांधावें, हें मंडळाच्या पंडितांस रुचलें असेल काय, कोण जाणे.

7 जानेवारी 1858 रोजीं बिशप हार्डिंग यांनीं त्याचा विधि केला. मनोरा तेव्हां अपुरा होता. तो 1865 सालीं पूर्ण झाला. सुमारें दोनशे फुटांचा तो मनोरा बंदरांत शिरणाऱ्या गलबतांस दुरून दिसे व खुणेस उपयोगी पडे. दगड कुर्ल्याकडचा, पिवळसर; खांब-कमानींस पोरबंदरचा. खिडक्यांचीं रंगीत कांचचित्रें न्यूकॅसलच्या विल्यम वेल्स याचीं. वेदीमागील शोभेचें काम व फरशी विल्यम बटरफील्ड याच्या कल्पनेची. आंत गेल्याबरोबर पहिली गोष्ट जाणवते ती ही, कीं डोळे निवतात. बाहेर कुलाब्याचें ऊन आणि मोटारींचा गोंगाट, आंत अरुंद खिडक्यांतून येणारा निळा-तांबडा उजेड.

गॉथिक शैली या देशास उपरी आहे, बर्फासाठीं योजिलेलें उतरतें छप्पर येथें आणून काय साधलें, असा आक्षेप आमच्यांतील पुष्कळ सुशिक्षित घेतात. खानदेशांत, जेथें मातीच्या धाब्यावर आम्ही उन्हाळ्यांत बाज टाकून निजत असूं, तेथें हा आक्षेप बरोबर ठरला असता. कोंकणपट्टींत तो टिकत नाहीं. ज्या मुलखांत आषाढांत पाऊस उभा कोसळतो तेथें उतरतें छप्पर बर्फ नसलें तरी शहाणपणाचेंच. आमचे कोंकणी कौलारू घर बांधणारे कांहीं लंडनहून शिकून आले नव्हते. रंगीत कांचेविषयींहि माझें मत तसेंच. इंग्लंडांत ती मंद उजेडास रंग देते. येथें ती प्रखर उजेडास आवरते. ज्या गोष्टी मूळ ठिकाणीं एका कारणानें जन्मल्या त्या दुसऱ्या ठिकाणीं दुसऱ्याच कारणानें उपयोगी पडाव्या, याला मी वास्तूचें भाग्य म्हणतों.

माझा आक्षेप वेगळा आहे. हें चर्च फारच बिनचूक आहे. तेराव्या शतकांतील खेड्याचें चर्च जसें असावयास हवें होतें असें एकोणिसाव्या शतकांतील पंडितास वाटलें, तसें तें आहे. कोणा सुताराची चूक नाहीं, कोणा पाटलाचा हट्ट नाहीं, एका पिढीनें दुसरीवर केलेली कुरघोडी नाहीं. व्याकरणशुद्ध पण ज्यांत बोलीचा एकहि शब्द नाहीं, अशा गद्यासारखें तें वाटतें. त्यांत खेडें नाहीं, कारण त्यांत काळ नाहीं. बांकांना बंदुका टेकण्यासाठीं ठेविलेल्या खांचा पाहिल्या तेव्हां मात्र मी थबकलों. ती एकच वस्तु तेथें कोणा पुस्तकांतून आलेली नव्हती. ती 1857 नंतरच्या भीतींतून आली होती. इमारतीनें स्वतःविषयीं सांगितलेलें तें सर्वांत खरें वाक्य, असें माझें मत आहे.

आणि मग भिंतीवरचीं नांवें. हें चर्च 1838 ते 1843 या काळांत अफगाणिस्तान व सिंध येथील मोहिमांत मेलेल्यांच्या स्मरणार्थ आहे. तेथील लेखाचा आशय असा, कीं अधिकाऱ्यांचीं नांवें भिंतींवर लिहिलीं आहेत. हवालदार-शिपाई यांचीं लिहितां येण्यासारखीं नाहींत, कारण तीं फार आहेत. हा लेख मीं दोनदां वाचला. लिहिणाऱ्याच्या मनांत अनादर नव्हता, हें स्पष्ट दिसतें. जागेची अडचण त्यानें सरळ सांगितली आहे. पण ग्रेची कविता ज्यानें पाव शतक शिकविली त्याला हें वाचून चैन कसें पडावें? ग्रेच्या खेड्यांतल्या चर्चमध्यें निदान वहींत तरी नांव होतें. गरिबाच्या थडग्यावर वेडीवांकडीं अक्षरें तरी कोणी कोरीत असे, आणि त्या वेड्यावांकड्या अक्षरांचें कवीस कौतुक होतें. येथें खेड्यांतील चर्चचें रूप घेतलें, कमान घेतली, मनोरा घेतला, आणि ज्या गोष्टीसाठीं तें रूप जन्मलें ती गांवकऱ्याच्या नांवाची गोष्ट मात्र 'फार आहेत' म्हणून बाहेर राहिली. त्या मोहिमांतील मुंबईच्या सैन्यांत बहुसंख्य शिपाई एतद्देशीय होते. त्यांना या वेदीशीं कर्तव्य नव्हतें, हें खरें. पण मेले ते त्याच थंडींत आणि त्याच उन्हांत.

आमच्या खानदेशाचा धागाहि येथें येऊन मिळतो. जेम्स औट्रम, ज्यानें 1825 पासून धरणगांव येथें भिल्ल पलटण उभी केली, तो पुढें अफगाण मोहिमेंत होता, आणि सिंधमध्यें राजकीय अधिकारी असतां त्या प्रांताच्या विलिनीकरणाविरुद्ध त्यानें नेपिअरशीं कडाक्याचें भांडण केलें. 1863 सालीं तो वारला तेव्हां त्याला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें पुरलें. त्याच्या पलटणींतील ज्या भिल्लांनीं त्याच्याबरोबर सातपुड्यांत शिकारी केल्या त्यांचीं नांवें अर्थात् 'फार' होतीं.

परत येतांना नाशिकास उतरून शरणपूर पाहिलें. शरणपूर आज नाशिक शहरांतला वर्दळीचा भाग आहे. 1854 च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीच्या प्राइस साहेबांनीं शहराबाहेरील माळावर ही वसाहत बसविली, तेव्हां ती खरोखर एक खेडें होती: घरें, शाळा, कारखाना आणि प्रार्थनेची जागा. अरबी समुद्रांत गलबतांवर पकडलेले आफ्रिकेचे गुलाम सोडवून आणले जात. त्यांतल्या मुलांस येथें ठेवीत, सुतारकी-लोहारकी आणि अक्षरें शिकवीत. 1865 सालीं लिव्हिंगस्टन येथून कांहीं मुलगे आपल्या शेवटच्या सफरीसाठीं घेऊन गेला. 1874-75 च्या सुमारास बाकीचे बरेच मोंबासाजवळील फ्रिअरटाउन येथें नेण्यांत आले, आणि शरणपूरचा तो अध्याय संपला.

स्थापत्य म्हणून येथें कुलाब्याशीं तुलना करण्यासारखें कांहीं नाहीं, हें मी आधींच कबूल करतों. पण पॅरिश म्हणजे जन्म, अक्षर, लग्न आणि माती यांचें एका कुंपणांतलें सहजीवन, हें जर खरें असेल, तर तें कुलाब्यापेक्षां या माळावर अधिक होतें. येथें शिकलेला जेकब वेनराइट हा लिव्हिंगस्टनच्या शोधासाठीं निघालेल्या दुसऱ्या मोहिमेबरोबर गेला. 1873 च्या मे महिन्यांत लिव्हिंगस्टन मध्य आफ्रिकेंतील एका खेड्यांत वारला, तेव्हां त्याचें हृदय एका झाडाखालीं पुरण्यांत आलें आणि त्या झाडावर साहेबाचें व सोबत्यांचीं नांवें याच वेनराइटनें कोरलीं. प्रेत समुद्रापर्यंत वाहून नेलें गेलें, आणि 18 एप्रिल 1874 रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें तें खांद्यावर देणाऱ्यांत नाशिकचा हा विद्यार्थीं होता. गुलाम म्हणून विकला गेलेला एक मुलगा गोदावरीकांठीं अक्षरें शिकतो आणि आफ्रिकेच्या रानांत झाडाची साल तासून सोबत्यांचीं नांवेंहि साहेबाच्या नांवाबरोबर लिहितो. तीं संख्येनें थोडीं होतीं, म्हणून लिहितां आलीं, असें कोणी म्हणेल. मला तसें वाटत नाहीं.

आतां एका अप्रिय विषयास हात घालणें भाग आहे. गेल्या शतकापूर्वींच्या शतकांत इंग्लंडमधील खेड्यांचीं चर्चें 'पूर्ववत्' करण्याची साथ आली. जुना मनोरा पाडा, वांकडी भिंत सरळ करा, पंधराव्या शतकांतलें काढा आणि तेथें तेराव्यांतलें नवें घाला, असा तो प्रकार. टॉमस हार्डी तरुणपणीं याच धंद्यांत होता. 1870 सालीं कॉर्नवॉलमधील सेंट जूलिअट येथें तो जीर्णोद्धाराच्या कामासाठीं गेला आणि तेथेंच त्याची भावी पत्नी त्याला भेटली. त्या चर्चचें जुनें कोरीव लांकूडकाम त्या कामांत नाहींसें झालें. 1906 सालीं लिहिलेल्या एका निबंधांत हार्डीनें आपल्या हातून झालेल्या या पापाची मोकळेपणानें कबुली दिली. त्याच्या आधीं, 1877 सालीं, विल्यम मॉरिस यानें जुन्या इमारतींच्या रक्षणासाठीं एक संस्था काढली होती. तिचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं डागडुजी करा, गळती थांबवा, पण काळाची खूण पुसूं नका.

आमच्या भागांत हीच साथ आतां जोरांत आहे. साक्री तालुक्यांतील बळसाणें येथील हेमाडपंती देवळें पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखालीं असल्यामुळें त्यांच्या दगडाला दगडाचा रंग आहे. पण माझ्या आजोळच्या गांवीं एक लहानसें काळ्या दगडाचें देऊळ होतें. त्याच्या खांबांवरील घंटा आणि सांखळ्या मी लहानपणीं बोटानें चांचपीत असें. चार वर्षांमागें गेलों तों खांब गुलाबी, शिखर हिरवें, आणि गाभाऱ्यांत स्नानगृहांत शोभेल अशी चकचकीत फरशी. मीं पुजाऱ्यास कांहीं बोलावें, तों त्यानें वर्गणीदारांची पाटी दाखविली. गांवांतल्या प्रत्येक घराचें नांव तेथें होतें, पन्नास रुपयेवाल्याचेंहि.

येथें मॉरिसचें तत्त्व मला पुरेसें वाटत नाहीं. तो रंग वाईट आहे, हें मी शंभरदां म्हणेन. दगडाचीं छिद्रें बुजतात, आंतलें पाणी आंतच राहतें आणि कालांतरानें पापुद्रे सुटतात, हें सांगावयास वास्तुशास्त्रज्ञ लागत नाहीं. पण कुलाब्याच्या निर्दोष भिंतीवर ज्यांना जागा मिळाली नाहीं, तसल्याच माणसांना त्या गुलाबी देवळाच्या पाटीवर जागा मिळाली आहे. माझी अभिरुचि एका बाजूस आहे आणि माझा न्याय दुसऱ्या बाजूस. इंग्लंडांतल्या खेडुतांनीं चित्रांवर चुना फासला तेव्हां तेथील रसिक असाच हळहळला असेल. फरक असा, कीं चुन्याखालीं चित्र टिकतें आणि तेलरंगाखालीं दगड टिकत नाहीं. निदान फरशी बसवितांना खांबांच्या तळखड्यांवर छिन्नी चालवूं नका आणि शिखराला रंगाऐवजीं नुसता चुना द्या, एवढें तरी त्या गांवास कोणी आधीं जाऊन सांगावयास हवें होतें. मला सांगतां आलें असतें. मी गेलों नव्हतों.

त्या विद्यार्थ्यास मीं हें सारें सांगितलें. त्याच्या प्रश्नाचें उत्तर आतां माझ्यापाशीं थोडेंबहुत होतें. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाला, त्यांच्याकडे मेलेल्या माणसासाठीं दगड उभा करतात. पूर्वीं त्यावर घोड्यावर बसलेला मनुष्य कोरीत, नांव नसे, पण कोणाचा दगड कोणता हें सगळ्या पाड्याला ठाऊक असे. आतां जीं मुलें शाळेंत गेलीं आहेत तीं दगडावर नांव आणि तारीख घालतात.

"कोरून?" मीं विचारलें.

"नाहीं सर. ऑइलपेंटनें."

त्या रंगाविषयीं मी कांहीं बोललों नाहीं.